पाण्यात म्हैस, बाहेर मोल

माझे वडील नालबंद होते. सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात एका लिंबाच्या झाडाखाली त्यांची बैठक असे. बैलाला दोरखंडाने अलगद खाली पाडायचे, चारही पाय आखडून बांधायचे आणि खुरांना नाल ठोकायचे, हे त्यांचे काम. बाजारात खरेदी-विक्रीच्या गडबडीत सगळेच काही ना काही बोलत असत. मालक बोले, दलाल बोले, गिऱ्हाईक बोले. अब्बा बोलत नसत. ते म्हणत, बैल उभा असतो तोवर त्याच्या वतीने मालक बोलतो. खाली पाडला की बैल स्वतः बोलतो. खुराची भेग, जुनी जखम, एका पायावरचा जास्तीचा भार हे सगळे त्यांना दिसे. पण तोवर सौदा झालेला असे आणि रुमालाखाली बोटे दाबून ठरलेला भाव दलालाच्या तोंडून जाहीर झालेला असे.

त्या बाजारात मी लहानपणी जे पाहिले, ते मला पुढे कॉलेजच्या कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. म्हाताऱ्या बैलाची शिंगे तासून, वर तेल चोळून त्याला तरणा केलेला मी पाहिला आहे. दोन वेळचे दूध न काढता गाईची कास तुंबवून बाजारात आणलेली पाहिली आहे. औताला जुंपल्यावर मधेच बसणारा बसका बैल बाजारात मात्र दिवसभर ताठ उभा असतो, कारण बाजारात त्याच्या मानेवर जू नसते. म्हणून जाणता शेतकरी आधी जबडा उघडून दात मोजतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग चालवून बघतो, जुंपून बघतो. आपल्याकडची म्हण याच अनुभवातून आली आहे : पाण्यात म्हैस, बाहेर मोल. म्हैस डुंबते आहे, दिसतात फक्त शिंगे आणि नाकपुड्या, आणि काठावर भाव चालला आहे.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे एक जुनी मोटार. १९९८ साली मी एक जुनी फियाट विकत घेतली. तिच्याविषयी सांगतोच. पण आधी थोडे मागे जाऊ. कारण फसल्यावर माणूस दोन गोष्टी करतो. आधी विकणाऱ्याला शिव्या देतो आणि मग आपल्यासारखे आणखी कोण फसले याचा शोध घेतो. मी दुसऱ्या कामाला लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्या आधीची रांग निदान दोन हजार वर्षांची आहे.

प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख करणारे अधिकारी असत. त्यांचा एक जाहीरनामा प्रसिद्ध आहे. गुलाम आणि जनावरे विकणाऱ्याने त्यांचे आजार व खोडी आधीच उघड सांगितल्या पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाईक ठरावीक मुदतीत माल परत करून पैसे मागू शकेल, असा तो नियम. माणसे आणि जनावरे एकाच नियमात बसवणारा तो काळ होता, हेही विसरू नये. पण एक गोष्ट त्या काळात ओळखली गेली होती. मातीचे भांडे वाजवून घेता येते. जिवंत, चालत्या वस्तूचा दोष मात्र ती वापरल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडच्या धर्मशास्त्रानेही हे ओळखले होते. नारदस्मृतीत तर खरेदी केलेली वस्तू पारखण्याच्या मुदतींची यादीच आहे. लोखंड आणि कापड यांना एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, हिरे-मोत्यांना सात दिवस, बियाण्याला दहा दिवस. बियाणे उगवते की नाही हे कळायला दहा दिवस लागतात, हा शेतकऱ्याचा अनुभव त्या यादीत उतरला आहे. मला प्रश्न पडला, की मोटार लोखंडात धरायची की ओझे वाहणाऱ्या जनावरांत? लोखंडात धरली तर एकच दिवस मिळतो. माझी फियाट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अगदी गुणी वागली होती.

कासेत दूध तुंबवण्याची युक्ती तर अरबस्तानातल्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक होती. सांडणीची किंवा मेंढीची कास बांधून ठेवून तिला दुधाळ भासवू नका, असे प्रेषितांनी बजावल्याचे हदीसमध्ये आहे. कोणी अशी फसवणूक करून जनावर विकलेच, तर घेणाऱ्याला तीन दिवसांची सवड. ठेवायचे तर ठेवावे, नाहीतर परत करावे. पण परत करताना मधल्या काळात प्यालेल्या दुधापोटी एक मापभर खजूरही द्यावा. मला या खजुराचे फार कौतुक वाटते. फसवल्या गेलेल्या माणसानेही फुकटचे दूध पिऊ नये, इतका बारीक विचार त्यात आहे. याच शिकवणुकीतून इस्लामी कायद्यात दोष निघाल्यास सौदा मोडण्याचा हक्क रुजला.

मग घोड्यांचा जमाना. एकोणिसाव्या शतकात मुंबई हे अरबी घोड्यांच्या आयातीचे मोठे बंदर होते. लष्कराला घोडे लागत, शर्यतींना लागत, बग्ग्यांना लागत. भेंडीबाजाराच्या बाजूला घोड्यांच्या व्यापाऱ्यांच्या पागा होत्या. घोड्याचे वय दातांवरून कळते, हे सगळ्या जगाला ठाऊक असल्यामुळे बनावट आधी दातांचीच होई. वयाबरोबर दातांवरचे काळे खळगे झिजून जातात. इंग्लंडातले लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासत, त्यावर बारीक खळगे कोरत आणि तापलेल्या लोखंडाने ते काळे करत. घोडा एका पायाने लंगडत असेल तर दुसऱ्या, धडधाकट पायाच्या नालेखाली बारीक खडा ठेवत. दोन्ही पाय सारखेच दुखू लागले की लंगडणे दिसत नाही! ही युक्ती मी अब्बांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्या नालबंदाचे हात कसे धजावले असतील?

घोड्यांच्या याच व्यापाराचा ठसा आपल्या कायद्यावर कायमचा उमटला आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितले आहे आणि समजावण्यासाठी घोड्याचे उदाहरण दिले आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढचे उदाहरण तेच, फक्त घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी आहे. आता मात्र त्या नात्यामुळे सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात गिऱ्हाईक म्हणते, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निरोगी आहे असे समजेन. विकणारा गप्प बसतो. इथे त्याचे गप्प बसणे हेच बोलणे धरले जाते. ही तीन छोटी उदाहरणे एखाद्या कथेसारखी आहेत. ती मी फार उशिरा वाचली. आधी वाचली असती तर बरे झाले असते, ते का, हे शेवटी सांगतो.

घोडा गेला, मोटार आली आणि दातांची जागा मीटरने घेतली. गाडी किती अंतर चालली ते मोजणारे यंत्रही तसे जुनेच. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने अशा एका गाडीचे वर्णन केले आहे. चाके फिरता फिरता दर मैलाला एक गोटा खालच्या पेटीत पडे आणि मुक्कामी पोचल्यावर गोटे मोजत. पेटीतले चार गोटे कमी करायची बुद्धी तेव्हा कोणाला झाली की नाही, कोण जाणे. मोटारीच्या बाबतीत मात्र ती झाली. बहुतेक जुन्या गाड्यांच्या मीटरवर पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. तेवढीही वाट कोण पाहणार? मीटर उघडून आकडे मागे फिरवले की गाडीचे पाच वर्षांचे वय एका दुपारी कमी होई. अमेरिकेत हे इतके बोकाळले की १९७२ मध्ये केंद्रीय कायदा करून मीटरशी छेडछाड हा गुन्हा ठरवावा लागला. १९८६ च्या कायद्याने तर विक्रीच्या वेळी मीटरचा आकडा मालकीच्या कागदावरच लिहिणे भाग पाडले.

याच विषयाने एका माणसाला नोबेल पारितोषिकापर्यंत नेले. जॉर्ज अकरलॉफ हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. अमेरिकेत खोडकर निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. या लिंबांच्या बाजाराविषयी त्याने एक छोटा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला. अखेर १९७० मध्ये तो छापून आला, तेरा पानांचा. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले ते मुख्यतः या कामासाठी, आणखी दोघांबरोबर.

त्याचे म्हणणे कोणालाही समजेल असे आहे. जुन्या गाडीचे खरे रूप विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सावधपणे मधला भाव देतो. चांगली गाडी असलेल्या माणसाला तो भाव परवडत नाही. तो गाडी विकायचे रद्द करतो. वाईट गाडीवाल्याला मात्र तो भाव म्हणजे लॉटरी. तो धावत येतो. चांगल्या गाड्या निघून गेल्यामुळे बाजार आणखी खालावतो, गिऱ्हाईक भाव आणखी पाडते, मग उरल्यासुरल्या बऱ्या गाड्याही जातात. म्हणजे लबाडी फक्त फसलेल्या गिऱ्हाइकाचे नुकसान करत नाही. ती प्रामाणिक विकणाऱ्यालाही बाजारातून हाकलते. त्या निबंधात भारताचाही उल्लेख आहे. तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगारूपाचे खडे निवडत बसणाऱ्या इथल्या गृहिणींचा. माझी आई सुपात तांदूळ निवडत असे, तेव्हा ती अर्थशास्त्राचा एक सिद्धांत हाताळते आहे याची तिला किंवा मला कल्पना नव्हती.

आपल्या देशात जुन्या गाड्यांच्या बाजाराची कथा जराशी निराळी. परवान्यांच्या काळात नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. त्यामुळे नवी मिळालेली गाडी लगेच विकली तर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत. जुनी गाडी ही घरातली मौल्यवान वस्तू, ती ओळखीतच विकली जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली, १९९३ मध्ये मोटार उद्योगाचे परवाने संपले आणि नव्या गाड्यांची रीघ लागली. तेव्हा थोरामोठ्यांच्या दारातल्या फियाट आणि अँबॅसडर माझ्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या. आम्ही घरातले पहिलेच मोटारवाले. घोडा कधी पाळला नव्हता आणि मोटारीचे दात कुठे असतात हे माहीत नव्हते.

अब्बांना मधुमेह. पायाला जखम झाली होती, ती भरत नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय राखणाऱ्या माणसाचा स्वतःचा पाय काळा पडू लागला. दर पंधरा दिवसांनी मिरजेला न्यावे लागे आणि एस.टी.त तो पाय सांभाळणे कठीण होई. म्हणून गाडी. एका कविसंमेलनात भेटलेले गृहस्थ. त्यांनी माझी कविता मला पाठ म्हणून दाखवली. कवीला फसवायला एवढे पुरते. त्यांच्याकडे १९७९ ची फियाट होती. रंग नवाकोरा, आत अत्तराचा वास, मीटरवर एकतीस हजार. मी गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते. म्हणाले, आत्ताच बाजारात जाऊन आलो. बेचाळीस हजारांना सौदा झाला. घरी आणल्यावर अब्बांनी खाटेवरूनच विचारले, "दांत देखे क्या?" मी हसलो.

तिसऱ्या खेपेला नागज फाट्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. भर उन्हात रस्त्याकडेला अब्बा पाच तास बसून होते, पाय उशीवर ठेवून. शेवटी एका टेम्पोने आम्हाला नेले. पुढच्या महिन्यात त्यांची दोन बोटे काढावी लागली. त्या पाच तासांमुळेच ती गेली असे डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण ते पाच तास माझ्या हिशेबात आहेत.

मग कवठ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ती गाडी उघडली, अब्बा बैल उघडत तशी. गिअरबॉक्सच्या तेलात लाकडाचा भुसा निघाला. भुशाने घासलेल्या दात्यांचा आवाज दबतो. इंजिनात जाडजूड तेल, म्हणजे काही दिवस धूर दिसू नये. त्याने खिशातून लोहचुंबक काढले आणि दारावर फिरवले. एका जागी ते चिकटेना, खाली पत्रा नव्हताच, नुसती लांबी भरलेली. मग त्याने मला क्लचचे पेडल दाखवले. त्यावरचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. म्हणाला, एकतीस हजारांत एवढे रबर झिजते होय? हेच तुमचे दात!

त्या दिवशी त्याने शिकवलेले आजही लागू आहे. गाडी सकाळी बघावी आणि इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला लावावे. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पिते. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरते आहे. रंग उन्हात बघावा, दिव्याखाली नाही. नवा रंग दिसला की आधी तो का दिला, हे विचारावे. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा आणि पुस्तकातल्या नंबराशी ताडून बघावा. अत्तराचा वास आला तर कशाचा वास लपवला आहे, ते हुंगावे. आणि आपला मिस्त्री आपणच न्यावा. विकणाऱ्याचा मिस्त्री म्हणजे रुमालाखालचा दलाल.

पुढे २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजारो गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून दूरच्या गावांत विकायला आल्या. म्हण अक्षरशः खरी झाली, म्हैस खरोखरच पाण्यात होती. अशी गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. वरचा भाग धुतला जातो, पण आत गुंडाळलेल्या टोकावर गढूळ पाण्याची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज आणि गालिच्याखालचा गाळही खोटे बोलत नाही.

कागदांची लबाडी तर विकणाऱ्यालाही बुडवते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन दलाल गाडी नेतो. ती तीन हात फिरते आणि पुस्तकावर नाव पहिल्याचेच राहते. अशा गाडीने अपघात केला तर जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकाचीच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी परिवहन खात्याकडून अधिकृत होणे आणि गाडी ताब्यात घेतल्याचे खात्याला कळवणे असे नियम आले. आता नोंदणीचा नंबर घातला की गाडीचे वय, विमा, कर्जाचा बोजा फोनवर दिसतो. मीटरही आकडी झाले. पण ते मागे फिरवायला आता स्क्रू-ड्रायव्हरऐवजी लॅपटॉप लागतो, एवढाच फरक.

असो. राहिलेली गोष्ट सांगतो.

२००१ मध्ये मी ती फियाट विकली. घ्यायला एक तरुण शिक्षक आला होता, नुकतेच लग्न झालेला. गाडी मी धुऊन ठेवली होती. भुसा काढलेला होता, पण गिअरचे दाते तेच होते आणि दारातली लांबीही तीच. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तुम्ही कवी माणूस. काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं." मी हसलो आणि आत चहा सांगितला.

करार कायद्याच्या सतराव्या कलमातले तिसरे उदाहरण ते हेच. मी एक शब्दही खोटा बोललो नाही. गप्प बसलो आणि ते बोलणे ठरले.

तो गेल्यावर अब्बा खाटेवरून म्हणाले, "बोला क्या उसको?" मी म्हणालो, त्याने नीट विचारलेच नाही. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण लहानपणी मशिदीत ऐकलेली एक गोष्ट त्यांच्या लक्षात होती. धान्याच्या राशीत प्रेषितांनी हात घातला, बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. प्रेषितांनी विचारले, मग भिजलेले वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते. अब्बा म्हणाले, "भिगेला अनाज ऊपर रखना रहता, बेटा."

तो शिक्षक पुन्हा भेटला नाही. गाडीने त्याला कुठे दगा दिला, की दिलाच नाही, मला माहीत नाही. जुनी गाडी घेताना काय काय बघावे, हे मला आज लोक विचारतात आणि मी चुंबकापासून सीटबेल्टपर्यंत सगळे सांगतो. विकताना काय सांगावे, हे अजून कोणी विचारलेले नाही. म्हणून न विचारताच सांगितले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)